राजमातेची बाजू

५ नोव्हेंबर, बुधवार

बारा दिवस पालथं! डॉक्टरीणबाई इतक्या सहज म्हणाल्या, जणू बारा दिवस गार पाणी पिऊ नका म्हणताहेत.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. काल ऑपरेशन झालं. आत वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरणार — पण तोंड जमिनीकडे असेल तरच. तासातली पन्नास मिनिटं पालथं. उरलेल्या दहा मिनिटांत जेवण, बाथरूम, पाय मोकळे करणं. झोपायचं तेही पालथंच. पडदा चिकटला तर डोळा राहिला. नाही चिकटला तर? "तेव्हाचं तेव्हा बघू." उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहेच. म्हणजे हा गेला तर कठीण.

नवऱ्याने कुठूनसं मालिशवाल्यांचं टेबल पैदा केलं, तोंडापाशी भोक असलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे प्रत्येक इमारतीत त्याच्या ओळखी. मी दुकानातून रजा घेतली. बिल्डिंगचे नकाशे छापून देणारं दुकान आहे, मालक स्वतः मशीनला हात लावायला घाबरतो. लावू दे आता.

सासूबाई छत्तीस वर्षं गणित शिकवत होत्या. शाळेत मुलं त्यांना 'कंपास' म्हणायची. टोकदार, आणि कुणाला वर्तुळाबाहेर न सोडणाऱ्या. एका घरात चौदा वर्षं आहोत. आमचं बोलणं म्हणजे दूध, गॅस आणि ठकीची शाळा. ठकी माझी मुलगी, बारा वर्षांची. बारा दिवस आता काय बोलायचं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

रेडिओ लावला. "बंद कर." बातम्या लावल्या. "बंद कर." गाणी. "अगं, बंद कर म्हटलं ना!"

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. टेबलाच्या भोकातून आवाज आला, "तू वाचतेस ना ती... वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. त्यातलं एखादं वाच."

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. मला वाटायचं कुणालाच ठाऊक नाही! कव्हर घालते कारण वरच्या चित्रांत सरदारांचे शर्ट फाटलेले असतात आणि बायका मागच्या मागे कोसळत असतात. घरात निवृत्त शिक्षिका असताना ते टेबलावर कसं ठेवणार?

"आई, तुम्हाला नाही आवडायची ती."

"मला काय आवडतं ते तुला कसं ठाऊक? मला तरी कुठे ठाऊक आहे! छत्तीस वर्षं मी गणिताशिवाय काही वाचलेलं नाही."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घड्याळजीची मुलगी आणि सरदार, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तीनदा वाचलंय. पण मोठ्याने वाचणं हे प्रकरण वेगळंच निघालं! मनातल्या मनात जी वाक्यं लोण्यासारखी उतरतात, ती तोंडातून काढताना खड्यासारखी दाताखाली येतात. 'त्याच्या डोळ्यांत वादळ होतं' — या वाक्यावर मी तीनदा उसासा टाकलाय. आज भोकातून प्रश्न आला: "कुठल्या दिशेचं?"

सरदार एका रात्रीत घोड्यावरून दोनशे मैल येतो.

"घोडा एकच?"

एकच.

"मेला असेल."

पुढच्याच पानावर तो घोडा हिरवळीवर चरत होता. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याचं भूत चरतंय."

ठकी दप्तर टाकून जमिनीवर लोळून हसली. मी पण. कंपास विनोद करते! चौदा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

अकरावं प्रकरण. मला ठाऊक होतं काय येणार. घड्याळजीची माडी, विझणारी मेणबत्ती. मी शिताफीने दोन पानं एकदम उलटली आणि थेट सकाळच्या पाखरांवर आले.

"दोन पानं उलटलीस."

"चिकटली होती."

"एक पान उलटलं की एक आवाज होतो. दोन उलटली की दुसराच. परीक्षेच्या हॉलमध्ये जन्म गेला माझा."

ठकीला खालच्या दुकानात साखर आणायला पिटाळलं — घरात दोन डबे भरून साखर आहे. आणि वाचलं! सगळं! कान तापलेले, आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा सपाट. संपलं. म्हटलं, झालं, आता नवऱ्याकडे तक्रार जाणार.

"एवढी बटणं?"

"त्या काळी असायची, आई. पाठीवर, खालपर्यंत."

"मग माणूस चिकाटीचा म्हणायचा."

मी पुस्तक तोंडावर धरून हसले. त्यांना दिसत नव्हतं, पण टेबल हलत होतं. त्याही हसत होत्या. आणि हसायची त्यांना बंदी आहे!

९ नोव्हेंबर, रविवार

पुस्तक संपलं. लग्न झालं. सासूबाई: "पुढे?" पुढे काही नाही म्हटल्यावर फसवल्यासारखा श्वास सोडला.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवं काढलं. तीन पातळ खंड, राज्यं-बिज्यं, जादू, सगळं. घेऊन वर्ष झालं, मीही वाचलेलं नाही. मिठागरांचं एक राज्य. राजकन्या मोठी, धाकटा भाऊ तीन वर्षांचा, राजा वारलेला, कारभार राजमातेच्या हातात. उडत्या राक्षसी सरड्यांचं एक दल, त्याचा एक सेनापती. अर्थात देखणा. अर्थात गालावर व्रण.

मला वाटलं, सासूबाई जादूला उभंसुद्धा करणार नाहीत. उलटंच! सरडा आग ओकतो ते त्यांना ताबडतोब पटलं. पण आकाशात दहा दिवसांत दोनदा पौर्णिमा झाली, तेव्हा वाचन थांबवावं लागलं. "सरडा मानते मी. पण चंद्राने तरी शिस्त पाळावी."

मला याचं कुतूहल वाटतंय — माणूस काय मानतो आणि कशाला अडतो. मी स्वतः कशाला अडते? कधी अडतच नाही. घोडा मेला पाहिजे होता, हे मला तीन वाचनांत सुचलं नाही. मी त्या पुस्तकांत शिरताना डोकं चपलांसारखं बाहेर काढून ठेवते की काय? आणि तरी मजा येते. आता डोकं घालून वाचतेय, तर जास्तच मजा येतेय. हे काय गौडबंगाल आहे?

घसा बसलाय. कोमट पाणी, मीठ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारच्या दहा मिनिटांत खुर्चीवर बसल्या असताना विचारलं, "तू हे का वाचतेस?" मान खालीच घातलेली. तपासणीचा सूर नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हटलं, वेळ जातो. "वेळ तुला आहे कुठे?" म्हटलं, भाषा चांगली असते. दोघींनाही हसू आलं. मग म्हटलं, त्यात पुढे काहीतरी घडणार असतं. नक्की घडणार असतं, फक्त काय ते माहीत नसतं.

"हं," म्हणाल्या. "गणितासारखंच की." मला काही ते पटलं नाही. पण बराच वेळ डोक्यात राहिलं.

डोळा दुखतो म्हणाल्या. औषधाचे थेंब चार वेळा घातले. खालच्या पापणीला धरून थेंब सोडते तेव्हा त्या श्वास रोखतात, लहान मुलीसारख्या. डॉक्टरीणबाईंना फोन. "थोडं दुखणारच." थोडं म्हणजे किती, हे या लोकांना कुणी शिकवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खंडाच्या सुरुवातीला नकाशा आहे. त्या राज्याचा. भयंकर! नदी एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळते. डोंगर म्हणजे सुरवंट रांगेत ठेवलेत. मी सांगत होते आणि सासूबाईंना काही केल्या किल्ला कुठे, मिठागरं कुठे, सेनापतीची छावणी कुठे, याचा मेळ लागेना. "वेढा कुठल्या बाजूने पडलाय तेच कळत नाही मला. वाचून उपयोग काय?"

मग मी ठकीचा मोठा कागद घेतला. ठकीचेच रंग. दोन तास लागले. नदी सरळ केली, डोंगरांना उतार दिले, किनाऱ्याची खोली रेषांनी दाखवली, मिठागरांचे चौकोन. शाईची ती बारीक निब वर्षानुवर्षं डब्यात पडली होती. हात विसरला नव्हता! कागद टेबलाखाली जमिनीवर पसरला, बरोबर भोकाच्या खाली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून. आता त्या एका डोळ्याने खाली बघतात आणि मी वाचते. पायाच्या अंगठ्याने त्यांना सेनापती कुठे पोचला ते दाखवते.

बराच वेळ बघत होत्या. मग: "हात चांगला आहे तुझा."

चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी दोन ओळी सोडून चुकीचंच वाचत गेले.

थोड्या वेळाने — "तू कुठेतरी अर्ज केला होतास ना? समुद्राच्या नकाशांचा?"

त्यांना आठवतंय! दहा वर्षं झाली. किनाऱ्याची खोली मोजणाऱ्या जहाजावर नकाशे काढायची जागा होती, वर्षातले चार महिने पाण्यावर. मी परीक्षा दिली, मुलाखत दिली. ठकी दोन वर्षांची होती. पत्राने कळवू म्हणाले होते. सगळा उन्हाळा मी पत्रांच्या पेटीत हात घालून बघायचे, रिकामी असली तरी आत बोटं फिरवून बघायचे. काही आलं नाही. मग छपाईच्या दुकानात लागले. आपली पातळी ती, हे एकदा कळलं की बरं असतं.

"निवड नाही झाली माझी," म्हटलं.

मी पुढे वाचू लागले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भांडण! आम्हा दोघींचं पहिलं खरं भांडण, आणि तेही जगात नसलेल्या बाईवरून.

झालं असं. वेढा पडलाय. सेनापती उत्तरेच्या बेटांवरून राजकन्येला पत्र पाठवतो — निघून ये, मी अमुक दिवशी खाडीच्या तोंडाशी थांबतो. पत्र राजमातेच्या हाती पडतं. ती वाचते. आणि शेगडीत घालते! राजकन्या समजते त्याने आपल्याला टाकलं. अकरा वर्षं तशीच समजून राहते.

मी चिडलेच. पुस्तक मांडीवर आपटलं. "काय नीच बाई आहे!"

"नीच कशी?" भोकातून एकदम धारदार आवाज. "वेढा पडलाय. मुलगा तीन वर्षांचा. ही गेली असती तर त्याला कुणी सांभाळलं असतं?"

"ते तिने ठरवायचं, आई. राजकन्येने. पत्र तिचं होतं."

"ती गेलीच असती!"

"मग गेली असती!"

"तुला काय जातंय बोलायला. राजमातेने एकटीने काय काय रेटलं असेल..."

"पण तिला कुणी फेटाळलं नव्हतं, आणि फेटाळलं असंच ती अकरा वर्षं समजत राहिली! राज्य एक बाजूला ठेवा. माणसाला स्वतःविषयी खोटं कळावं, याहून वाईट काय?"

मग म्हणाल्या, "आज पुरे."

मला मजा वाटतेय. मला राग सहसा येत नाही, आणि त्यांना कुणाची बाजू घ्यायची सवय नाही. चुकलेल्या पोराला त्या कधी अर्धा मार्कही देत नसत असं सगळे सांगतात. आणि या बाईसाठी एवढं का तुटून पडल्या?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

"नको वाचूस आज." दिवसभर. नवऱ्याने विचारलं, "तुमचं काही झालं का?" म्हटलं, राजमातेवरून झालं. तो म्हणाला, "कोण राजमाता?" आणि माझ्याकडे, मग आईकडे, मग जमिनीवरच्या नकाशाकडे बघून अंघोळीला गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःच म्हणाल्या, "काढ तिसरा खंड."

दहा पानं झाली नाहीत तोच — "ती सांगते का?"

"कोण?"

"राजमाता. मुलीला. पत्राचं."

"मला काय ठाऊक, मीही पहिल्यांदाच वाचतेय."

"मग शेवटची पानं बघ आणि सांग."

माझा कानांवर विश्वास बसेना. पुस्तकाच्या शेवटी छापलेली उत्तरं वर्गातल्या कुणी बघू नयेत म्हणून ती पानं दोऱ्याने शिवून टाकणारी बाई ही! नवऱ्याच्या जुन्या पुस्तकांत ते टाके अजून आहेत. मी साफ नकार दिला. "आई, एकेक पायरी मांडत जायचं." त्यांचंच वाक्य. हसतील असं वाटलं होतं. नाही हसल्या.

ठकी म्हणते, आजी राजमातेवर प्रेम करते. मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, "मग तिचं नाव निघालं की आजीचे पाय का हलतात?" हे मी पाहिलंच नव्हतं. आज बघितलं. हलतात. दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत राहतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

संपलं! तिन्ही खंड!

राजमाता मरते. न सांगता. तिला ताप येतो, राजकन्या उशाशी बसते, राजमाता तिचा हात धरते, ओठ उघडते — आणि तेवढ्यात मरते. राजकन्येला पुढे एका जुन्या दासीकडून कळतं. सेनापतीही सापडतो, केस पिकलेले, सरडा म्हातारा. शेवटच्या पानांवर मी रडलेच. वाचता येईना, ठकीने वाचून दाखवलं.

सासूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे चूक आहे."

"काय?"

"तिला वेळ होता. ताप चार दिवस होता, तूच वाचलंस. चार दिवसांत एक वाक्य बोलता येत नाही? लिहिणाऱ्याने तिला सोडून दिलं. पेपर अर्धा ठेवून उठू दिलं."

"पण तुम्ही तर तिच्या बाजूने होतात!"

"बाजू घेतली म्हणजे उत्तर बरोबर होत नाही."

यावर मी खूप विचार केला. मला राजमाता मेल्यावर तिची कीव आली होती, राग पार विरघळला होता. लेखकाचा डावच असणार तो. मारून टाकलं की वाचणारा माफ करतो. यापूर्वी असं किती जणांना मी फुकट सोडलं असेल, कोण जाणे. किती दुष्ट सावत्रआया, किती खोटारडे सरदार!

१७ नोव्हेंबर, सोमवार

चिकटला! पडदा चिकटला! डॉक्टरीणबाई दिवा पाडून इतका वेळ बघत होत्या की मी त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या मोजल्या. मग म्हणाल्या, "छान. आता सरळ बसा." बुडबुडा विरायला अजून काही आठवडे जातील, तोवर त्या डोळ्याला पाण्याखालून बघितल्यासारखं दिसेल. पण डोळा राहिला.

सासूबाईंनी मान वर केली ती सावकाश, गंजलेला नळ फिरवावा तशी. आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बारा दिवस त्यांना माझे फक्त पाय दिसत होते. खूप वेळ बघितलं. "काय झालं?" विचारलं तर "काही नाही. बारीक झालीस," म्हणाल्या.

नवऱ्याने टेबल उचलून नेलं. खोली एकदम मोठी झाली. नकाशा ठकीने भिंतीवर लावला. घरी परतताना टॅक्सीत डोळे मिटून बसल्या, जेवणही अर्धं टाकलं. दमल्या असतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणानंतर बोलावलं. खुर्चीत ताठ बसलेल्या. "पालथी होते तेव्हा सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. पण तोंड खाली घालून सांगायचं नव्हतं, म्हणून थांबले."

समुद्राच्या खात्याचं पत्र आलं होतं. मी बाजारात गेले होते. त्यांनीच सही करून घेतलं, वाचलं आणि फाडलं. ठकी लहान होती, त्यांची नोकरी संपायला वर्ष होतं, चार-चार महिने घर कोण बघणार. दोन दिवसांनी सांगू असं वाटलं होतं, मग आठवड्याने. मग सांगण्यासारखं राहिलं नाही. "माफ कर म्हणत नाही. तुला ठाऊक असलं पाहिजे, एवढंच."

मी उठून स्वयंपाकघरात आले. नळ सोडला, बंद केला. राग येणार आहे. मोठा येणार आहे, मला त्याचा आकारही अजून कळत नाहीये. त्यांच्याशी काय बोलायचं, नवऱ्याला काय सांगायचं, काही ठाऊक नाही.

पण परत जाऊन मी एकच विचारलं: पत्रात नेमकं काय होतं? त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. एकतीस जणांतून तिघांना घेतलं होतं. माझा क्रमांक पहिला.

पहिला!